स्केलेटन : बर्फावर जागा कोणाला?

आता आपण पात्रतेकडे येऊ. स्केलेटन म्हणजे पोटावर झोपून, डोकं पुढे ठेवून बर्फावरून सुटायचं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आधी दोनदाच झाला, १९२८ आणि १९४८ साली, दोन्ही वेळा सेंट मॉरिट्झलाच. अमेरिकेच्या जॉन हीटनने वीस वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे रौप्यपदक घेतलं. म्हणजे बघा, वर्तुळ केवढं लहान! २००२ला खेळ परतला. पुढे जागतिक क्रमवारीवर जागा ठरू लागल्या. पण गुण मिळवायला ट्रॅक हवा, आणि आफ्रिकेत तो नाहीच. म्हणून २०१८ला खंडनिहाय जागा होत्या. घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग त्यातूनच उतरला. २०२२ला पुरुषांच्या जागा ३० वरून २५, स्त्रियांच्या २० वरून २५ झाल्या. हे योग्यच. खंडांच्या जागा मात्र काढल्या, ते आपल्याला पटत नाही. फ्रिम्पाँग ऐन शर्यतींच्या वेळी कोविडने अडकला आणि त्याचं बीजिंग हुकलं.