विज्ञानकथा-मेका छंद

विज्ञानकथा, अनिमे (जपानी सचेतपट) आणि मेका, म्हणजे महाकाय यंत्रमानव, यांचे वाचन, प्रेक्षण व संग्रह करण्याचा छंद.

मराठीत याचे मूळ छापील पानांत आहे. भा. रा. भागवतांनी जूल्स व्हर्न कुमार वाचकांपर्यंत पोचवला. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप, म्हणजेच उलट्या आद्याक्षरांचे जयंत विष्णू नारळीकर. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकरांनी उतरवली होती (पहा : नारळीकर, जयंत विष्णू). ‘यक्षांची देणगी’ (१९७९) आणि ‘प्रेषित’ यांनी वाचकवर्ग वाढवला.

मेका-संग्रहाचा उगम जपानी. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका १९७९ ची. बंदाई कंपनीचे जोडसंच, अर्थात गनप्ला, १९८० पासूनचे. रूढ प्रमाण १/१४४ : अठरा मीटरचा यंत्रमानव साडेबारा सेंटिमीटरवर येतो. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले असतात. ते निपर या छोट्या पकडीने कापायचे, उरलेला कोंब पॉलिशपेपरने घासायचा आणि खाचेत दाबून बसवायचे. आजच्या संचांना गोंद लागत नाही. सुरुवातीच्या संचांना लागे. रंगकाम ऐच्छिक, पण हाडाचे छंदी पॅनेलच्या रेषा बारीक पेनाने गिरवल्याशिवाय राहत नाहीत.

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये वेशभूषाकार व संग्राहक एकत्र येतात (पहा : कॉसप्ले). साहित्यक्षेत्रात विज्ञानकथेला मिळालेली मान्यता नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनात (२०२१) दिसली. नारळीकर त्याचे अध्यक्ष होते.