वऱ्हाडातील आधाररेषा

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाने पुढे काय घ्यावे? विज्ञान आणि वाणिज्य यांची चर्चा संपल्यावर कला शाखेतील उरलेला विषय म्हणून कोणीतरी भूगोलाचे नाव काढतो. निदान अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने तरी भूगोलाला उरलेला विषय म्हणू नये, असे आम्हांस वाटते. पृथ्वीचा आकार ठरविण्याच्या एका प्रचंड उद्योगाचा धागा त्याच्याच मातीतून गेलेला आहे.

त्या उद्योगाचा आरंभ मात्र दूर मद्रासेस झाला. प्रेषित संत थॉमस यांच्या रक्तसाक्ष्याची परंपरा जिच्याशी जोडलेली आहे, त्या सेंट थॉमस माउंट टेकडीजवळ १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि निघालेली बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. अशी ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत राहिली. परंतु आरंभीची बोटभर चूक शेकडो मैलांनंतर फार मोठी होते. म्हणून अधूनमधून जमिनीवर पुन्हा रेषा मोजून पडताळा पाहावा लागे, आणि त्यासाठी सपाट भूमी हवी असे. सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या पयानघाटात ती मिळाली. १८२२ साली एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, बाजूस अशी एक आधाररेषा मोजली गेली. इंग्रजी नोंदींत त्या ठिकाणाचे नाव 'ताकल खेरा' असे आढळते.

पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन हिंगणघाट येथे निधन पावले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. पोलादाची साखळी उन्हाने तापली की लांबते, ही अडचण वऱ्हाडी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही! एव्हरेस्ट यांनी पुढे पितळ आणि लोखंड जोडून केलेल्या, उष्णतेतही लांबी न बदलणाऱ्या पट्ट्या वापरल्या.

हे सारे निव्वळ ज्ञानापोटी झाले असे मानणे भोळेपणाचे ठरेल. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला; १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि येथील कापूस मुंबईमार्गे परदेशी जाऊ लागला. १८७० साली आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. नकाशा, गॅझेटियर आणि रूळ ही एकाच सत्तेची साधने होती.

या भूमीचा अभ्यास येथील मुलांच्या हाती येण्यास पुष्कळ काळ जावा लागला. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. अमरावतीचे स्वतंत्र विद्यापीठ मात्र १ मे १९८३ रोजी आले. २००५ पासून ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. आपला अमरावती धर्मप्रांत त्याच्याही आधीचा, १९५५ सालचा. आणि दोहोंच्या हद्दी जवळजवळ सारख्याच आहेत.

आज बी.ए.चा विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या तासाला साखळी धरतो तेव्हा तो लॅम्बटनचाच पहिला धडा गिरवीत असतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पत्रकावर त्याला अमरावती सापडते. एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर, हे प्रमाण कळले की समोच्चरेषांवरून तो चढउतार वाचू लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात या रेषा विरळ होतात. हाच आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील किती कुटुंबांचे आयुष्य गोड्या पाण्याच्या शोधात गेले आहे! त्या गावांतून आलेल्या मुलाला विहिरीची खूण नकाशावर दिसते. तिचे पाणी कोणत्या महिन्यात पिववते आणि कोणत्या महिन्यात नाही, हे त्याने आजीकडून लहानपणीच ऐकलेले असते. प्रात्यक्षिकाच्या वहीत ते लिहावयास त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.