तळटीप : आयलंड ट्रीज प्रकरण

न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीजच्या शाळा मंडळाने १९७६ साली रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’, कर्ट व्हॉनेगट यांचे ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ अशी काही पुस्तके शाळांच्या ग्रंथालयांतून काढली. स्वतःच नेमलेल्या समितीच्या शिफारशीही मंडळाने डावलल्या. स्टीव्हन पिको व इतर विद्यार्थी न्यायालयात गेले. पुस्तके दुकानांत उघड मिळत होती, मग ही बंदी कसली, असा युक्तिवाद अशा वेळी होतो. तो मला मुळीच पटत नाही : ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही, तिथल्या मुलाला ते शाळेतच भेटते. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी मंडळाच्या विरोधात गेला, मात्र बहुमताचे एकच निकालपत्र झाले नाही. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. ब्रेनन यांच्या मते, निव्वळ विचार नापसंत म्हणून पुस्तक काढता येत नाही. शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य म्हणून काढता येते. नव्या खरेदीचा प्रश्न त्यांनी निकालाबाहेर ठेवला. वादाच्या धास्तीने जे मागवलेच जात नाही, त्याची नोंद सहसा कुठेच राहत नाही, आणि वाचकाचे नुकसान तेवढेच होते. सरकारने प्रती जप्त करणे (भारतात २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५) हा निराळा प्रकार; त्याची चर्चा येथे केलेली नाही. — संपादक