समोरच्याच्या हातात काय?

मिहानमध्ये नोकरीला लागलेला आपला एखादा तरुण पोकर शिकू लागला, की हाच प्रश्न विचारतो. उत्तर जुन्या गंजिफात आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संचात आठ रंग, ९६ पाने. सावंतवाडीच्या संचात रंगांच्या जागी दशावतार आले, पाने १२० झाली, आणि परका खेळ आपला झाला. तिघांत प्रत्येकी चाळीस पाने. पडलेले प्रत्येक पान ज्याच्या ध्यानात, त्यालाच दुसऱ्याकडे काय उरले ते कळे. पोकरमध्ये पुष्कळ पाने झाकलेलीच राहतात. तिथे कोणी केव्हा किती लावले, हे ध्यानात ठेवायचे. नवख्याने स्वतःचे पत्ते टाकल्यावरही डाव शेवटपर्यंत पाहावा. खरे शिकणे तेव्हाच होते.