‘मॉडेलेन’ (१९६८) : खेळणारे मूल, पाहणारा प्रौढ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

सहभागी कलेच्या इतिहासात लहान मूल बहुधा तळटिपेत येते. स्टॉकहोमच्या मॉडेर्ना म्युझेएट या आधुनिक कलासंग्रहालयात सप्टेंबर १९६८च्या अखेरीस उघडलेल्या ‘मॉडेलेन’, म्हणजे ‘प्रारूप’, या प्रदर्शनाने मात्र संपूर्ण दालनच त्याच्या स्वाधीन केले. डॅनिश कलावंत पाले नील्सन यांनी त्याच वर्षी कोपनहेगनच्या नोरेब्रो वस्तीत कार्यकर्त्यांसह परवानगीविना क्रीडांगण उभारले होते. ती कृती आता संग्रहालयात शिरली. फोमने भरलेला हौद, लाकूड आणि सुतारकामाची हत्यारे, रंग, नाटकाचे पोशाख, तबकड्या वाजवण्याची सोय आणि माओ, द गॉल, जॉन्सन यांचे मुखवटे, एवढाच काय तो ऐवज. मुलांना प्रवेश मोफत, प्रौढांना पाच क्रोनर. जेमतेम तीन आठवड्यांत ३३ हजारांहून अधिक लोक आले. त्यांपैकी सुमारे २० हजार मुले होती.

प्रौढाचे स्थान येथे मोठे अवघडलेले होते. तिकीट त्यानेच काढायचे आणि पाहायचे ते खेळणारे मूल; कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दुरूनही. जो खेळतो त्याच्यापुरते हे प्रदर्शनच नव्हे, अशी आयोजकांची भूमिका होती. याउलट, यायोई कुसामा यांनी २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत मुलांसाठी जी पांढरी खोली मांडली, तीत पुढे मोठेही तितक्याच उत्साहाने रंगीत टिकल्या चिकटवू लागले. हे सहजीवन मोहक आहे. परंतु सर्वांनी मिळून पुरी करायची ती कुसामांचीच ठिपक्यांची लिपी, हे विसरता येत नाही.

‘मॉडेलेन’मध्ये अशी लिपी आधी ठरलेली नव्हती, म्हणूनच त्याचे पुढचे चरित्र बोलके आहे. एका कार्यगटाने उभारलेले आणि मुलांनी रोज मोडून नव्याने रचलेले हे प्रदर्शन. २००९ मध्ये त्याचे दस्तऐवज बार्सिलोनाच्या मॅक्बा संग्रहालयाकडे आले आणि २०१४ मध्ये डेन्मार्कच्या आर्केन संग्रहालयात त्याची पुनर्रचना झाली. दोन्हीकडे कर्ता म्हणून नाव लागले ते नील्सन यांचे. यात अप्रामाणिकपणा आहे असे मला वाटत नाही. सूचीकाराला कर्त्याचा रकाना भरावाच लागतो. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे. जात्यावर बसून ओवी जोडणाऱ्या बाया अनेक, मुखपृष्ठावर नाव संकलकाचे. ओवीच्या बाबतीत निदान काही संकलकांनी गाणारणीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. स्टॉकहोमची ती मुले आज साठीच्या आसपास असतील.