अर्ध्या शेराचे गणित

१८७६ साली पावसाने पाठ फिरवली आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांत दुष्काळ पडला. सोलापूर, कलादगी, धारवाड यांच्याबरोबर बेळगावही होरपळले. अथणी-गोकाककडचा भाग तर विशेषच. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीस पाठवले. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात सढळ हाताने खर्च केला म्हणून टेंपल यांच्यावर टीका झाली होती. या वेळी त्यांनी हात आखडता घेतला. दुष्काळी कामावरील पुरुषाला रोज एक पौंड धान्य, अथवा त्याची किंमत, आणि वर एक आणा पुरे, असे त्यांनी ठरवले. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा पक्का शेर.

एक पौंडावर माणूस जगतो, हे विधान शास्त्रीय वाटते. पण कोणता माणूस? स्वस्थ बसलेला की उन्हात दिवसभर खडी फोडणारा? मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला हरकत घेतली. कष्टकऱ्याला किमान दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ-भाजी हवी, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यात मजुरांनीच कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासेत त्याच वर्षी शिधा सव्वा पौंडावर गेला व डाळीची जोड मिळाली. तरीही १८७६-७८ च्या या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक बळी घेतल्याचा अंदाज आहे.

एक पौंड ज्वारीतून सुमारे १,६०० कॅलरी मिळतात. आज पाकिटावर छापलेली पोषणाची टक्केवारी दिवसाला २,००० कॅलरी धरून काढलेली असते.

तेव्हा माप आखडले होते, आता ते फुगले आहे. हिशेबातली खोच मात्र तीच. गोड शीतपेयाच्या बाटलीवर साखरेचा आकडा १०० मिलिलिटरचा असतो, साधारण साडेदहा ग्रॅम. पूर्वीच्या २०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत ती २१ ग्रॅम भरे; ६०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत ६३ ग्रॅम होते. टक्केवारीसाठी धरलेले दिवसाचे वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण ५० ग्रॅम आहे. टिळकवाडीतल्या दुकानासमोर अशी बाटली एकटाच संपवणारा मुलगा शाळेत त्रैराशिक शिकलेला असतो. ते कागदावर सोडवता येते, तसे बाटली हातात घेऊनही सोडवता यावे. आकडा किती मापाचा आणि कोणासाठी, एवढे त्याने विचारले तरी पुष्कळ झाले.