पतपेढी वाढते कशाने?



चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. जाताना मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. उचल फिटून चार पैसे उरलेच, तर ते ठेवायचे कुठे? या साध्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९०४ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. मूळ कल्पना जर्मनीतील रायफायझन यांची. एकमेकांना ओळखणाऱ्या निदान दहा जणांनी एकत्र यावे, खेड्यातील पेढीच्या देण्याची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी आणि दरवर्षी हिशेबाची सरकारी तपासणी व्हावी, अशी ही रचना होती. कर्ज मागणारा बी-बियाण्यासाठी मागतो की चैनीसाठी, हे शेजाऱ्याला बरोबर ठाऊक असते. तीच पेढीची खरी राखण.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परंतु शेजारच्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली लोणी बुद्रुक येथे अशीच पतपेढी काढली. तिच्यातून माणसे हिशेबाला आणि सभेला सरावली. पुढे १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांनी विश्वासाने भाग घेतले, त्याच्या मागे ही सवय होती. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

मग गावोगाव असेच का घडले नाही? १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांतले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे निघाले. सुमारे सत्तर रुपये सावकारांचे होते. बहुतेक पेढ्या इतक्या लहान होत्या, की त्यांना पगारी चिटणीसही परवडत नसे. म्हणून संस्था मोठ्या कराव्यात, असा सल्ला मिळाला.

पण मोठेपणाचीही एक किंमत असते. २००२ च्या कायद्याखाली अनेक राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य पतसंस्थांची देखरेख दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे आहे. ठेवीदार खेड्यात आणि देखरेख दिल्लीत! २०२३ पासून बीड जिल्ह्यातील काही बहुराज्य पतसंस्थांची दारे बंद झाली. जादा व्याजाच्या आशेने ठेवलेले लग्नाचे, औषधपाण्याचे पैसे अडकले. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हे कितीजणांना ठाऊक होते?

थेंबे थेंबे तळे साचते खरे, पण बांध धड असला तर. पतपेढीचा बांध म्हणजे तिची सभा, तिची तपासणी आणि कर्ज मंजूर करण्याची रीत. तळे वाढेल तसा बांधही वाढवावा लागतो.

म्हणून पैसे ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. वार्षिक सभा खरोखर भरते का? तपासणीचा अहवाल सभासदांपुढे वाचला जातो का? आणि संचालकांनी स्वतःच्या घरात किती कर्ज नेले आहे? गुरुजींनो, तो अहवाल मिळवून एकदा चावडीवर वाचून दाखवा. विचारण्यात लाज कसली? पैसा आपल्या घामाचा आहे.